नजरेचे परिमाण

दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात एका भुसार पेढीवर वहीपूजन झाले. पाटावर लाल कापडाची नवी वही होती. तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखले गेले. शेजारच्या टेबलावर संगणक होता. पूजा आटोपताना शेठजींनी कुंकवाचे बोट त्याच्या पडद्याच्या चौकटीलाही टेकवले. गेली कित्येक वर्षे खरा हिशेब त्या पडद्यावरच होत होता. वही मुहूर्तापुरती उरली होती. पडदा मात्र आता थकला होता. साडेअठरा इंचांचा, एका कोपऱ्यात पिवळा पडलेला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले सदुसष्ट वर्षांचे मुनीमजी त्याच्यासमोर मान पुढे काढून बसत आणि संध्याकाळी मानेला मफलर गुंडाळून घरी जात.

‘पाडवा झाला की नवा पडदा आणू,’ असे शेठजी म्हणाले. त्यावर सव्वीस वर्षांच्या मुलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. यादी आधीच तयार होती. चोवीस इंचांचे सहा मॉनिटर, ते वर-खाली तीन-तीन बसवायचा लोखंडी स्टँड, सहा पडदे चालवू शकेल असे ग्राफिक्स कार्ड आणि नवा संगणक. बेरीज दीड लाखाच्या घरात जात होती.

शेठजींनी यादी दोनदा वाचली. नकार दिला नाही. एवढेच म्हणाले, ‘बेटा, या सहा पडद्यांवर काय काय दिसणार, तेही याच कागदाच्या मागे लिहून दे.’

मुलाने लिहून दिले. एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटीचे पोर्टल आणि एक्सेल. उरलेल्या चारांवर निफ्टी, बँक निफ्टी, ऑप्शनचे भाव आणि बातम्या. शेठजींनी पहिल्या दोन ओळींसमोर बरोबरची खूण केली. खालच्या चार ओळींसमोर काहीच लिहिले नाही. ‘आठ दिवस थांबू,’ ते म्हणाले. ‘तोवर एक वही ठेवा. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत किती वेळा जावे लागते आणि कशासाठी, याची खूण करत जा.’

ही वही मुनीमजींनी ठेवली. हिशेबनिसाची शिस्त ती. दर खेपेला एक उभी रेघ, पाचव्या खेपेला आडवी. आठ दिवसांनी पाहिले, तर बहुतेक साऱ्या रेघा एकाच कामापाशी गोळा झाल्या होत्या. दर महिन्याच्या चौदा तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते. पुरवठादारांनी आपल्या विवरणात दाखवलेली बिले तीत असतात आणि खरेदीवरच्या कराची वजावट त्यावर अवलंबून असते. एखाद्या पुरवठादाराने बिल दाखवलेच नसेल, तर ती वजावट अडकते. म्हणून पेढीचे खरेदी-खाते आणि ते विवरण ओळीने ताडून पाहावे लागते. एकाच पडद्यावर हे करताना मुनीमजी बिलाचा क्रमांक वाचत, मनात धरत, खिडकी बदलत, तो शोधत आणि पुन्हा परत येत. मधेच कोणी तुरीचा भाव विचारला की मनातला क्रमांक निसटे. पडदा लहान होता हे खरेच. पण खरा त्रास असा होता की ज्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी हव्यात, त्यांच्यामध्ये माणसाच्या स्मरणशक्तीला पूल व्हावे लागत होते.

ही गरज संगणकाबरोबर जन्मलेली नाही. याच पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्णत्वास गेले. देशभरातून मिळवलेल्या १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी आधार घेण्यात आला. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली जी पद्धत बसली, तिचा गाभा साधा होता. श्लोक एका कागदावर वर मांडायचा आणि निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद त्याच्याखाली ओळीने नोंदवत जायचे. अभ्यासकाने एक पोथी मिटून दुसरी उघडताना पहिलीतले अक्षर लक्षात ठेवायचे, हा प्रसंगच उरत नसे. सारे भेद एका नजरेत येत. याच संस्थेच्या सरकारी हस्तलिखित संग्रहात जैन पोथ्यांचाही मोठा साठा आहे आणि हिरालाल रसिकदास कापडिया यांनी त्यांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली आहे. आगमांच्या पोथ्या ताडून पाहणारा अभ्यासक आणि बिले ताडून पाहणारा मुनीम यांची कामे भिन्न खरी. पण दोघांनाही तोच आधार लागतो. तुलना डोळ्यांपुढे व्हावी, आठवणीत नव्हे.

म्हणूनच दुसरा पडदा ही चैन ठरत नाही. तो तुलनेचे साधन आहे. शेठजींना हे पटले आणि पेढीसाठी दोन पडदे घ्यायचे ठरले. त्यांची निवड कशी करायची, हा पुढचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर दुकानात जाण्यापूर्वी पेढीवरच, मोजपट्टीने मिळाले.

पेढीचे टेबल चार फूट लांब आणि दोन फूट खोल होते. चोवीस इंचांचा रुंद मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंदीचा असतो. असे दोन शेजारी ठेवले की साडेतीन फूट जागा जाते आणि पावत्यांचे पुस्तक ठेवायला कोपरा उरतो. सत्तावीस इंचांचा मॉनिटर ६० सेंटिमीटरचा. त्याची जोडी ठेवली की चार फुटांचे टेबल काठोकाठ भरते. पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर, म्हणजे पन्नास ते सत्तर सेंटिमीटरवर असावा. दोन फूट खोल टेबलावर स्टँडची बैठक मागे सरकवली, तरी याहून मोठा पडदा फार जवळ येतो आणि मग डोळ्यांऐवजी मान फिरू लागते. मापाचा निर्णय असा टेबलाने दिला. जाहिरातीला त्यात बोलायला जागा राहिली नाही.

दुसरा मुद्दा अक्षरांचा. मॉनिटरचे इंच वाढले म्हणजे अक्षर स्पष्ट होतेच असे नाही. चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. चोवीस इंचांवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील, तर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात. तेवढेच ठिपके सत्तावीस इंचांवर पसरले, तर इंचात सुमारे ८२ उरतात. अक्षर मोठे होते, पण त्याच्या कडा खरबरीत दिसतात. सत्तावीस इंचांवर २५६० गुणिले १४४० ठिपके घेतले, तर इंचात सुमारे १०९ ठिपके येतात. त्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये अक्षरांचे माप १२५ टक्के केले की अक्षर मोठेही राहते आणि रेखीवही. वयस्क डोळ्यांसाठी ही जोडी उपयोगी पडते. तिला थोडे अधिक पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजण्यासारखे आहेत. कारण दिवसाचे आठ तास त्या अक्षरांशीच गाठ असते.

पडद्याच्या आतल्या काचेच्याही जाती आहेत. आयपीएस जातीचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग फारसा बदलत नाही. मुनीमजी बसलेले आणि शेठजी खांद्यामागून पाहणारे, अशा पेढीला तो योग्य. व्हीए जातीत काळा रंग गडद येतो, पण तिरके पाहिल्यास रंग फिका पडतो. टीएन ही जुनी जात बाजूने आणखी विटकी दिसते. चकचकीत काचेत मागच्या दाराचा उजेड आणि रस्त्यावरचा टेम्पो दोन्ही दिसतात. म्हणून पडदा झिलई नसलेला घ्यावा आणि खिडकीला काटकोनात ठेवावा. एका सेकंदात १४४ वेळा किंवा त्याहून अधिक वेगाने चित्र बदलणारे मॉनिटर खेळणाऱ्यांसाठी असतात. खतावणीला साठ ते शंभर पुरतात. संगणकाच्या मागे किती आणि कोणत्या जोडण्या आहेत, हे आधी पाहावे. कार्यालयीन संगणकांना बहुधा एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट अशा दोन जोडण्या असतात आणि दोन पडद्यांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण आहे ना, आणि एखादा ठिपका मृत निघाला तर बदलून देण्याची अट काय आहे, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

बाजारातली रीत शेठजींना ठाऊक होती. तांदूळ घेताना नमुना मुठीत घेऊन पाहतात. तसेच इथेही केले. पेन ड्राइव्हवर आपले खरेदी-खाते घेऊन ते मुनीमजींसह दुकानात गेले. ‘चित्रपट नको, आमचे खाते लावा,’ असे त्यांनी विक्रेत्याला सांगितले. मुनीमजींनी आपला नेहमीचा चष्मा लावला आणि नेहमीच्या अंतरावर बसून बिलांचे क्रमांक वाचले. एक गोष्ट तिथेच ध्यानात आली. दुहेरी काचेचा चष्मा असलेला माणूस जवळचे वाचताना काचेच्या खालच्या भागातून पाहतो. पडदा उंच असेल तर त्याला हनुवटी वर करावी लागते. मफलरचे कारण ते होते. म्हणून ज्याची बैठक वर-खाली होते असा स्टँड घ्यायचा आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली ठेवायची, असे ठरले. मग पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा रंग लावून डाग आणि कडेने झिरपणारा उजेड पाहिला. दोन्ही मॉनिटर एकाच बनावटीचे, एकाच मापाचे घेतले, म्हणजे कडा जुळतात, रंग जुळतो आणि नजर एकावरून दुसऱ्यावर जाताना अडखळत नाही. सत्तावीस इंचांची जोडी टेबल भरून टाकणार होती. तरी मुनीमजींच्या डोळ्यांसाठी तीच घेतली आणि पावत्यांच्या पुस्तकासाठी बाजूला एक लाकडी घोडी केली. जुळणीच्या तारा मुलाने तपकीर गल्लीतून आणल्या. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी लागला. बत्तीस इंचांहून मोठ्या मॉनिटरांवरील २८ टक्क्यांचा दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला आहे. पेढीच्या नावाने बिल घेतल्याने त्याची वजावट मिळणार होती.

राहिल्या होत्या कागदाच्या मागच्या खालच्या चार ओळी.

त्यांच्याविषयी शेठजी आठ दिवस काही बोलले नव्हते. मॉनिटर बसवून झाले त्या रात्री त्यांनी मुलाला विचारले, ‘दोन वर्षांत या बाजारात काय मिळाले आणि काय गेले, तेवढे एका पानावर मांडशील?’ आवाजात राग नव्हता. मुलाने रात्री उशिरापर्यंत बसून दलालाकडची विवरणे काढली. दलाली, कर, शुल्क, सारे धरून बेरीज केली. नफ्याचे दिवस त्याला तोंडपाठ होते. तोट्याचे दिवस त्याने आजवर एकत्र मांडलेच नव्हते. आकडा सव्वाचार लाखांवर थांबला. तो आकडा त्याने स्वतः प्रथमच पाहिला, आणि तो वडिलांपुढे ठेवायला त्याला सकाळपर्यंत वेळ लागला.

हा तोटा त्याच्या एकट्याचा नव्हता. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. खर्च धरून तो माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण १.८ लाख कोटींहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये या व्यापाऱ्यांतील ४३ टक्के तरुण तिशीच्या आतले होते. त्याच अभ्यासातील आणखी एक नोंद पडद्यांच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. २०२३-२४ या वर्षात स्वतःच्या खात्यावर सौदे करणाऱ्या मोठ्या संस्थांच्या नफ्यातील ९६ टक्के, तर परकीय संस्थागत गुंतवणूकदारांच्या नफ्यातील ९७ टक्के वाटा संगणकाच्या आज्ञावलीने आपोआप केलेल्या सौद्यांचा होता. म्हणजे समोरच्या बाजूला जो कमावतो, तो बहुधा पडद्याकडे पाहतच नाही. सहा पडद्यांकडे पाहत राहणारा माणूस ज्याच्याशी वेगाची स्पर्धा करू पाहतो, त्याला डोळेच नाहीत.

त्या सकाळी शेठजी देरासरातून आले, तेव्हा मुलगा ते पान घेऊन बसला होता. शेठजींनी आकडा पाहिला. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तू पान लपवले नाहीस, हे मोठे काम झाले. आता सांग, यातले काय चौथ्या पडद्यावर दिसले असते?’

मुलाने प्रामाणिकपणे विचार केला. ‘काहीच नाही, पप्पा,’ तो म्हणाला. ‘सगळे एकाच पडद्यावरही दिसत होते.’

उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामातला हा धनाढ्य गृहपती भगवान महावीरांपुढे व्रते घेतो, तेव्हा संपत्ती टाकून देत नाही. तो तिला परिमाण घालतो. चार कोटी सुवर्णमुद्रा साठ्यात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात; त्यापलीकडे नाही. आणि तो तिथे थांबत नाही. गायींचे कळप, नांगर, गाडे, इतकेच काय, अंग पुसण्याचे वस्त्र आणि दातवणही तो नाव घेऊन ठरवतो. व्यापारी घरांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. पण त्या तपशिलाकडे लक्ष कमी जाते. आनंदाने ‘कमी वापरीन’ असा मोघम संकल्प केला नाही. त्याने वस्तू मोजली, तिचे काम पाहिले आणि आकडा ठरवला. परिग्रह वस्तूत नसून तिच्याविषयीच्या आसक्तीत आहे, असे आपली परंपरा मानते. पण आसक्ती डोळ्यांना दिसत नाही आणि वस्तू दिसते. म्हणून श्रावकाला वस्तूंची मोजदाद करून आसक्तीपर्यंत पोहोचावे लागते.

त्या सहा पडद्यांच्या यादीत नेमके हेच घडले. दोन पडदे कामाचे होते. त्यांच्यासाठी ‘हे दोन का?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर होते. उरलेल्या चारांना कामच नव्हते. होती ती ओढ, भाव वर जाताना न चुकण्याची आणि खाली येताना नजर न हटवण्याची. अशा ओढीला सहा पडदे पुरत नाहीत आणि बाराही पुरणार नाहीत. मुलाने ऑप्शनचे व्यवहार बंद केले. सगळे समभाग विकून टाकावेत, असे शेठजींनी म्हटले नाही; बचतीतला ठरावीक हिस्सा दरमहा गुंतवावा आणि त्याचा हिशेब वर्षातून दोनदा पाहावा, एवढे ठरले. त्या हिशेबाला पेढीचा पडदा पुरेसा होता.

जुना मॉनिटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर द्यायचा नाही, असा आग्रह शेठजींनी धरला. अशा यंत्रांत शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. उघड्यावर जाळली वा फोडली की ती माती-पाण्यात मिसळतात आणि त्याची हिंसा कोणाच्या वहीत नोंदवली जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे तो पोहोचवला आणि पावती फाइलीत लावली.

आता पेढीवर दोन पडदे आहेत. डाव्या बाजूला खरेदी-खाते, उजव्या बाजूला २बी. पूर्वी दोन दिवस चालणारी ताडणी मुनीमजी एका दुपारी पुरी करतात. मफलर खुंटीवर असतो. दर वीस मिनिटांनी ते मान उचलून वीस फुटांवरच्या समोरच्या गाळ्याकडे वीस सेकंद पाहतात. डॉक्टरांनी सांगितलेला हा नियम त्यांनी माळेसारखा अंगवळणी पाडला आहे. सूर्यास्ताआधी शेठजी चौविहारासाठी घरी निघतात, तेव्हा मुलगा दोन्ही पडदे बंद करतो. पावसाळ्यात, चातुर्मासाच्या दिवसांत, त्या उजेडावर झडप घालणारे किडे त्याने लहानपणी पाहिले होते. बटण दाबताना कधी कधी ते त्याला आठवतात.

येत्या पर्युषणात प्रत्येक घराने एका संध्याकाळी आपल्याकडचे पडदे मोजून पाहावेत: पेढीवरचे, भिंतीवरचे, उशाशी ठेवलेले, खिशातले. प्रत्येकासमोर त्याचे काम एका ओळीत लिहावे. ज्याच्यासमोरची ओळ कोरी राहील, त्याविषयी घरात शांतपणे बोलावे. आणि घरातला तरुण मुलगा आपले पान घेऊन समोर येऊन बसला, तर आकडा पाहण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.